सूपभर ज्वारीची लेक

भिकुबाई हे नाव कुणी हौसेने ठेवत नाही. खान्देशात भिका, सुपडू, दगडू, उखर्डू अशी नावं कानावर आली की जाणत्या माणसाने समजून घ्यायचं, या घरात आधीची लेकरं राहिलेली नाहीत. यमाला चांगल्या नावांची भूल पडते, उकिरड्यावरच्या पोराकडे तो ढुंकूनही बघत नाही, असा समज. समज भाबडा आहे, कबूल. पण जिची तीन लेकरं मातीत गेली तिला शहाणपण शिकवायला कुणी जाऊ नये.

भिकूच्या आधी तिच्या आईला, तापीबाईला, तीन मुलगे झाले. तिन्ही जन्मले तेव्हा ठणठणीत. चौथ्या-पाचव्या महिन्यात तोंड येई, पोट वाहू लागे, खोकला धरी आणि वर्षाच्या आत पाळणा रिकामा होई. चौथ्या खेपेला मुलगी झाली तेव्हा पाचवीच्या दिवशी तापीबाईने तिला सुपात घातलं, गल्लीच्या टोकाला उकिरड्यावर नेऊन ठेवलं आणि मागे वळून न बघता घरात येऊन दार लावून घेतलं. शेजारची फुलवंताबाई ठरल्याप्रमाणे झाडू घेऊन आली. "हाई आंडेर कोनं टाकी दिन्ही वं?" ही लेक कुणी टाकून दिली, असं साऱ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्याने ओरडली आणि सूप उचलून आपल्या घरी गेली. संध्याकाळी त्याच सुपात ज्वारी भरून तिने तापीबाईच्या ओट्यावर ठेवली. सौदा झाला. पोर फुलवंताबाईची झाली.

पुष्कळ घरांत हा नुसता सोपस्कार असतो. सूप फिरून परत येतं, पोर आईच्याच मांडीवर वाढतं, नाव तेवढं भिकू राहतं. तापीबाई मात्र भ्यायलेली बाई. तिने सौदा पाळला. पोरीला अंगावर पाजायची तेही फुलवंताबाईच्या घरी जाऊन, परक्यासारखी पाटावर बसून. पोर बोलायला लागली तेव्हा फुलवंताबाईला 'माय' आणि आपल्याला 'काकी' म्हणायला तिनेच शिकवलं. पाचेक वर्षांची असताना भिकू एकदा चुकून तिला 'माय' म्हणाली. आपल्याला पाजणारी ही बाई खरी कोण, हे पोरांना कळतंच. तापीबाईने फाडकन मुस्काटात दिली. मग तिला पोटाशी धरलं आणि म्हणाली, "मी तुन्ही काकी शे. ज्या दिन तू माले माय म्हनशी, त्या दिन ते परत यी."

'ते' म्हणजे काय, हे तिने सांगितलं नाही आणि भिकूने विचारलं नाही. पण ते कुठेतरी गावाच्या शिवेवर कान देऊन बसलंय, हे तिच्या मनात बसलं ते बसलंच.

भिकू अकरा वर्षांची असताना तापीबाई गेली. शेजारच्या पोराटोरांत उभी राहून भिकूने तिरडी जाताना पाहिली. हमसून हमसून रडली, तेव्हा बायका म्हणाल्या, पोरीला काकीचा फार लळा होता. गाव तापीच्या काठचं. सगळे नदीला तापीमाय म्हणत, भिकूही म्हणे. नदीला म्हटलेलं चालत असे.

पुढे दोधूशी लग्न होऊन ती रनाळ्याला आली. रनाळ्याच्या लोकांना तिचं माहेर म्हणजे फुलवंताबाईचं घर, चार भाऊ, चारी पहिलवान गडी. सुपाची गोष्ट तिथे कुणाला ठाऊक नव्हती. तिनेही सांगितली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. तिला एकच मुलगी झाली, रूपाली. रूपाली सहा वर्षांची होती तेव्हा विहिरीवरच्या मोटरीचा शॉक लागून दोधू गेला. भिकुबाईने थोडंसं शेत होतं ते दिराला बटाईने दिलं आणि नंदुरबारच्या पथारीवर कामाला जायला लागली. पथारी म्हणजे मिरची वाळवायचं उघडं रान. नजर जाईल तिथवर लाल मिरच्या पसरलेल्या आणि त्यांच्या कडेला बायका देठ खुडत बसलेल्या. या बायकांना गर्दीत शोधायचं असेल तर हाका मारू नयेत, खोकल्याच्या आवाजाने चालत जावं. वीस वर्षं मिरची खुडून भिकुबाईच्या छातीत तो खोकला भाडेकरूसारखा राहायला आला होता. दिवाळीपुरता चार दिवस गावाला जाई, परत येई.

तर अशा बाईने एकटीने पोर वाढवली, बारावीपर्यंत शिकवली आणि शहाद्याजवळच्या एका गावात केळीचं रान असलेल्या चांगल्या घरी दिली. जावई योगेंद्र मोजकं बोलणारा, पण माणूस लाखात एक.

रूपालीला पहिला मुलगा झाला. चौथ्या महिन्यात त्याच्या तोंडात पांढरं धरलं. बाळंतविडा घेऊन गेलेली भिकुबाई त्याला मांडीवर घेऊन बसली होती. त्याने रडायला तोंड उघडलं आणि तिला ते दिसलं. आपले भाऊ तिने पाहिले नव्हते, पण फुलवंताबाईने ओसरीवर बसून त्यांचं मरण शंभर वेळा सांगितलेलं होतं. भिकुबाईच्या मनात एकच आलं. कोण बोललं? झोपेत आपणच तर 'माय' म्हणालो नाही ना? पाचव्या महिन्यात मुलगा गेला. न्यूमोनिया, असं कागदावर आलं.

दोन वर्षांनी रूपालीला पुन्हा दिवस गेले. शहाद्याला मुलांच्या एक डॉक्टरीणबाई होत्या, पहिल्या बाळाला शेवटी त्यांनीच पाहिलं होतं. सातव्या महिन्यात त्यांनी मायलेकींना मुद्दाम बोलावून घेतलं.

"पहिलं बाळ साध्या न्यूमोनियाने गेलं असं मला वाटत नाही," त्या म्हणाल्या. "एक आजार असतो. आईकडून येतो. बायकांना काही होत नाही, पण त्यांच्या मुलग्यांच्या अंगात रोगाशी लढायची ताकदच नसते. म्हणून विचारते, आजी. तुमच्या माहेरी कुणाचे मुलगे लहानपणी गेलेत का?"

त्यांनी एक कोरा कागद ओढला. रूपालीसाठी एक गोल काढला, त्याच्या वर भिकुबाईसाठी एक गोल. "तुमचे भाऊ किती?"

भिकुबाईने कागदाकडे पाहिलं. शेजारी रूपाली बसली होती, सात महिन्यांचं पोट घेऊन. त्या पोटात कान होते. बाहेर, शिवेवर, आणखी कुणाचे तरी कान होते.

"चार," ती म्हणाली.

"सगळे आहेत?"

"चारी जित्ता शेतस. धाकला हिंमतराव तं आते सोसायटीमा शे."

डॉक्टरीणबाईंनी चार रिकामे चौकोन काढले. रूपालीकडे बघून हसल्या. "मग फार काळजी नको," म्हणाल्या.

भिकुबाई खोटं बोलली का? तिला विचाराल तर नाही. ज्वारी दिली, पोर घेतली, सौदा पक्का. फुलवंताबाईचे चार मुलगे हे तिचे भाऊच. आणि खरं सांगायचं तर त्या घटकेला तिने आपल्या परीने नातवाची राखणच केली होती. तापीबाईने तिला जिवापाड जपून जे शिकवलं, तेच तिने केलं. करायला गेली गणपती आणि झाला मारुती, दुसरं काय.

भाविक जन्मला. सव्वातीन किलोचा, रेशमी जावळाचा. दवाखान्यात जन्मलेल्या प्रत्येक बाळाला देतात तशी त्याच्याही दंडावर क्षयाची लस दिली. थांबवायला कुणाला काही कारणच नव्हतं. दोन महिने घरात दिवाळी होती. मग दंडावरचा फोड सुकेना. काखेत गाठ आली, ती वाढली. तिसऱ्या महिन्यात तोंडात पांढरं दिसलं. या वेळी ते रूपालीला दिसलं आणि ती दुसऱ्या मिनिटाला बाळ घेऊन शहाद्याच्या बसमध्ये होती.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, पुन्हा तपासलं आणि त्यांना मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. सोबतीला भिकुबाईही गेली.

तिथे एक चष्मेवाली तरुण मुलगी होती. घरच्यांना आजार समजावून सांगायचा, एवढंच तिचं काम. तिने फार सोपं करून सांगितलं. शेत आहे, पीक आहे, पण राखणदार नाही, असं या बाळाचं अंग आहे. राखणदार पेशी हाडांच्या मगजात तयार होतात, याच्या मगजाला त्या बनवता येत नाहीत. दुसऱ्याच्या मगजातल्या मूळपेशी याला द्यायच्या, त्या आत जाऊन रुजल्या की बाळ वाचतं. सख्खा जुळणारा भाऊ-बहीण नाही, म्हणून आईच्या घेऊ, निम्म्या जुळतात.

"पण लगेच नाही करता येणार," ती म्हणाली. "जन्मल्यावर दिलेल्या त्या लशीत जंतू असतात, दुबळे केलेले, पण जिवंत. चांगल्या बाळाला त्याचा फायदाच होतो. याच्या अंगात अडवायलाच कुणी नाही, म्हणून ते पसरलेत. आधी ते आटोक्यात आणावे लागतील. आईच्या घरात मुलगे असे गेलेत हे माहीत असतं तर लस थांबवली असती, पहिल्याच महिन्यात उपचार सुरू केले असते. असो. तुमच्याकडे तसं काही नव्हतंच, त्याला कोण काय करणार."

शहाद्याचा तो कागद तिच्या टेबलावर होता. चार रिकामे चौकोन.

भिकुबाई थर्मास हातात धरून उभी होती. तिने थर्मास खाली ठेवला.

"बाई," ती म्हणाली, "तो कागद चुकेल शे. मी फुलवंताबाईनी नही. माले सूपभर ज्वारीमा इकत लियेल शे."

मग तिने सगळं सांगितलं. हळू आवाजात, खिडकीकडे बघत, कुणी ऐकत असल्यासारखं. त्या मुलीने चार चौकोनांवर काट मारली, खाली तीन नवे काढले आणि पेन्सिलने एकेक भरून काळे केले. "यांची नावं?" तिने विचारलं. भिकुबाईला नावं ठाऊक नव्हती. तिच्या देखत ती कुणी घेतलीच नव्हती.

रूपाली भिंतीला टेकून उभी होती. म्हणाली, "माय, डॉक्टरनी बाईनी इचारं तवय बी तू नही सांगं?"

"सांगं तं ते यी, आसं वाटनं माले."

"ते वनंच ना," रूपाली म्हणाली. न सांगताही ते आलंच होतं.

त्या दिवसापासून रूपाली तिला 'माय' म्हणाली नाही. भांडली नाही, रडली नाही. 'ऐक' म्हणे, 'हाई धर' म्हणे, आणि हाक मारायची वेळ आली की जवळ येऊन खांद्याला हात लावी. पाच दिवसांनी वॉर्डाच्या दारात नर्सने भिकुबाईचा खोकला ऐकला. आजीला इथे थांबता येणार नाही, म्हणाली. या बाळाला साधी सर्दीसुद्धा परवडायची नाही. खोकला पूर्ण जाईपर्यंत बाळाजवळ यायचं नाही. योगेंद्रने तिला रेल्वेत बसवून दिलं. रूपाली बाळापाशी होती, खाली आली नाही.

रनाळ्याला घर जसं सोडलं होतं तसंच होतं. दारामागे झाडू, चुलीवर पालथं घातलेलं पातेलं. एकटेपण भिकुबाईला नवीन नव्हतं, दोधू जाऊन बावीस वर्षं झाली होती. पण नवऱ्याने मरून एकटं टाकणं वेगळं आणि जिवंत लेकीने टाकणं वेगळं. पहिल्यात बाई आभाळाला बोल लावू शकते. दुसऱ्यात बोल लावायला तिच्याजवळ तीच असते. सकाळी टेम्पोतून पथारीवर जायची, संध्याकाळी परत यायची. बायका विचारायच्या, नातू कसाय? बरा शे, म्हणायची. एका माणसाच्या भाकरीला तवा तापवायचा जीवावर येई, मग सकाळचीच अर्धी भाकर पाण्याशी खाई.

शेजारीपाजारी तसे चांगले. पण सांगणार काय? दुःख सांगायला आधी चूक सांगावी लागत होती.

योगेंद्र मात्र दर दोन दिवसांनी फोन करायचा, चित्र दिसणारा. भाविक दिसे. नाकात नळी, डोकं तुळतुळीत, डोळे तेवढे टपोरे. त्याच्या अंगावरून फिरणारा रबरी मोज्यातला एक हात दिसे. तो हात रूपालीचा. चेहरा कधी दिसला नाही. भिकुबाई नातवाशी बोलायची आणि हाताकडे बघायची.

अडीच महिन्यांनी जंतू हटले आणि दिवस ठरला. रूपालीला सुया टोचल्या, तिचं रक्त यंत्रातून फिरवून त्यातल्या पेशी वेगळ्या काढल्या.

"मामी, आज देयी दिन्हं," योगेंद्रने सांगितलं. "इतलीशी पिशवी व्हती. एक तासमा खपी गयी."

"बस? इतलंच?"

"इतलंच. आते रुजाले जोयजे. वाट देखनी."

फोन ठेवल्यावर भिकुबाई ओट्यावर बसून राहिली. तिला तापीबाई आठवत होती. त्या काळी कुणी येऊन सांगितलं असतं की बाई, तुझ्या हाडातलं दे, तुझी पोरं राहतील, तर ती सगळी हाडं काढून ओट्यावर रचून ठेवती. पण तिच्याजवळ देण्यासारखं तेव्हा पोरच होतं. तेच तिने दिलं. भिकुबाईला आयुष्यात पहिल्यांदा त्या बाईची इतकी कीव आली की तिला पदर तोंडात कोंबावा लागला.

बाराव्या दिवशी ताप चढला. योगेंद्रचा फोन चार दिवस आला नाही. भिकुबाई त्या चार दिवसांत पथारीवर जात होती, देठ खुडत होती, आणि तिने किती पोती खुडली हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पाचव्या दिवशी फोन आला. ताप उतरला होता. विसाव्या दिवशी राखणदार मोजता येतील एवढे झाले होते. "रुजनं, मामी," योगेंद्र म्हणाला, आणि तो मोजकं बोलणारा माणूस फोनवर रडायला लागला. मागे रूपाली कुणाशी तरी बोलत होती. भिकुबाई तिचा आवाज ऐकत राहिली.

पुढे तीन महिने दवाखान्याजवळच राहून ती तिघं गावी परतली. एक खोली धुऊन पुसून भाविकसाठी वेगळी केली, खिडकीला बारीक जाळी लावली. उकळलेलं पाणी, ताजं अन्न, बाहेरच्या माणसाला मज्जाव. भिकुबाईला कुणी ये म्हटलं नाही आणि येऊ नको असंही म्हटलं नाही. तिने चार दिवस पथारी बुडवली, अडुळशाचा काढा घेतला, ज्येष्ठमधाचा तुकडा गालात धरला आणि गेली. अंगणातून खिडकीपाशी उभी राहिली. आत भाविक गोधडीवर बसला होता, वाटीवर चमचा आपटत. तिने हाक मारायला श्वास घेतला आणि त्या श्वासाबरोबर खोकला आला. दाबला तर आणखी मोठ्याने आला. रूपालीने आतून तिच्याकडे पाहिलं, उठली आणि खिडकी लावून घेतली. रागाने आपटली नाही. पाऊस आत येऊ नये म्हणून लावतात तशी लावली. भिकुबाईला वाटलं, आपटली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर महिन्याभराने, एका दुपारी, पथारीवर तिचा फोन वाजला. रूपाली होती. सात-आठ महिन्यांत पहिल्यांदा.

"ऐक," ती म्हणाली. "त्या दवाखानानी चष्मावाली बाईना फोन व्हता. तुन्ही खरी मायले बहीन व्हती का?"

भिकुबाईचे हात मिरचीने माखलेले. फोन मनगटाने कानाशी धरून ती बायकांपासून लांब गेली. "व्हती. बनाबाई. ती बी गयी. तिन्ही आंडेर रंजना शे, प्रकाशा गावले. तिन्ही पोर आते बाळंतपनले येल शे, असं हिंमतराव सांगे."

रूपाली म्हणाली, "तिले पोऱ्या झाया तं त्याले बी हाऊ आजार व्हई शकस. लस देवाना आधी रगत तपासाले जोयजे. मोबाइलवर दवाखानाना कागद धाडस मी. तूच जाय. फोनवर नको." आणि मग, अगदी साध्या आवाजात, "माले जे सांगं नही, ते तिले सांग."

दुसऱ्या दिवशी नंदुरबारच्या झेरॉक्सवाल्याकडून तो कागद मोबाइलमधून छापून घेऊन भिकुबाई शहाद्याच्या बसमध्ये बसली. प्रकाशाच्या अलीकडे पूल लागला तशा बसमधल्या म्हाताऱ्यांनी हात जोडले, तापीमाय, तापीमाय म्हणाल्या. भिकुबाईनेही हात जोडले. तिच्या तोंडून नुसतं 'माय' आलं. तिने दचकून आजूबाजूला पाहिलं. काही झालं नाही. कंडक्टर सुटे मागत होता.

रंजनाबाई अंगणात गहू निवडत होती. ओसरीवर खाटेवर तिची लेक पाय सोडून बसलेली, नववा महिना.

"कोन शे वं?"

"मी भिकू. फुलवंताबाईनी..." साठीला आलेल्या तोंडातून तेच आलं. सवयीने. ती थांबली.

"फुलवंताबाईनी भिकू का! ये, ये, बठ ना."

"नही," भिकुबाई उभीच राहिली. "फुलवंताबाईनी नही. मी तुन्ही तापीमावशीनी आंडेर शे."

रंजनाबाई हसली. "काहीबी काय बोलस वं? तापीमावशीले एक बी लेकरू जगनं नही. निपुत्री गयी ती. मन्ही माय तिन्हाकरता मरेपर्यंत रडे."

भिकुबाईला वाटलं, कुणीतरी पायाखालचं सूपच ओढून घेतलं. सौदा इतका पक्का झाला होता तर. यम फसला की नाही देव जाणे, पण सख्खं गणगोत फसलं होतं. तापीबाई वांझेसारखी गेली होती आणि तिची लेक तिच्या तिरडीमागे शेजारीण म्हणून रडली होती.

"एक जगनं," ती म्हणाली. "ते मीच शे. ती मन्ही माय व्हती."

मग ती खाली बसली आणि तिने पहिल्यापासून सांगितलं. मध्येच रंजनाबाई घाबरून म्हणाली, पोटुशीसमोर हे अभद्र कशाला. भिकुबाईने आवाज खाली आणला नाही. न बोलून आपल्याकडे काय झालं, भाविकच्या काखेतली गाठ केवढी होती, ते हाताने दाखवलं. रंजनाबाई गहू निवडायची थांबली. "मन्हा बी एक भाऊ व्हता," ती हळूच म्हणाली. "असाच गया. माय नाव नही ले त्यानं." खाटेवरच्या मुलीने तेवढ्यात हात पुढे करून कागद घेतला, दोनदा वाचला, घडी घालून दवाखान्याच्या फाइलीत ठेवला आणि म्हणाली, "मावशी, भाविक आते कसा शे?"

प्रकाशाच्या थांब्यावर येऊन भिकुबाईने रूपालीला फोन लावला.

"सांगी वनू."

"काय म्हननी ती?"

"पोरनी कागद ठी लिन्हा. आधी रगत तपासाडसूत म्हननी. समजदार शे."

"बरं," रूपाली म्हणाली. फोन ठेवला नाही. मागे वाटीवर चमचा आपटल्याचा आवाज येत होता. मग तिने विचारलं, "तुन्हा खोकला कसा शे?"

सकाळपासून भिकुबाई एकदाही खोकली नव्हती. लेकीचं गाव इथून बसने जवळच. 'गया' एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर तासाभरात ती त्या खोलीत असती आणि ते पोर तिच्या मांडीवर. पण छातीच्या तळाशी ती जुनी खाज होती, तिला माहीत होती.

"शे," ती म्हणाली. "अजून शे वं, रूपा."

पलीकडे चमचा वाजतच होता.

"मंग थांब आजून थोडं," रूपाली म्हणाली. "बरा व्हऊ दे. मंग ये, माय."

नंदुरबारची बस आली, माणसं चढली, बस गेली. भिकुबाई फोन कानाला लावून तिथेच उभी होती.